लेडीज स्कीवर माझा भरवसा नव्हता

जळगाव स्टेशनवर गाडी यायला वीस मिनिटं होती आणि नाना, माझे वडील, माझी नवी बॅग तपासत होते. चेन तीनदा उघडून तीनदा लावली, चाकं बोटाने फिरवून बघितली. मग बॅग आडवी पाडून बुडाशी ठोकली आणि म्हणाले, ‘‘हाई चाकमा दम नही.’’ शेजारी आई दशम्यांचं फडकं हातात धरून रडत होती. लग्नाला सहा महिने झाले होते, विलास आधीच अमेरिकेत पोचला होता आणि मी चोविसाव्या वर्षी एकटीने विमानात बसणार होते. गाडी दिसली तसे नाना माझ्या कानाशी आले. आशीर्वाद देतील असं वाटलं. ते म्हणाले, ‘‘तू नवी शेस, हाई कोनले कळू देऊ नको.’’

नानांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत बघायचे. शेतकरी गाडी घेऊन आला की वरचा पांढराशुभ्र कापूस सगळ्यांनाच दिसायचा. नाना त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. बाही वर करून ते कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि पार तळातली मूठ बाहेर काढायचे. ती ओली आहे का, पिवळी आहे का, तिच्यात कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस दडवलाय का, ते बघायचे. मग दोन्ही अंगठ्यांत धागा ओढून त्याची लांबी सांगायचे. ‘‘वरला कापूस कोनीबी चांगला दखाडस,’’ असं त्यांचं म्हणणं. कोणाला ते चोर म्हणत नसत, पण कोणाला साव म्हणतानाही मी त्यांना ऐकलं नाही. विलासचं स्थळ आलं तेव्हा ते त्यांच्या घरी जाण्याआधी समोरच्या सायकलच्या दुकानात जाऊन पंक्चर काढत तासभर बसले होते. सायकल पंक्चर नव्हती, ते नंतर कळलं.

ही विद्या मी सोबत घेऊन आले. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना वाटत असेल की परदेशात माणूस बदलतो. तसं काही नाही. माणूस आपल्या खोडी बरोबर नेतो आणि तिथे त्यांना नवीन कामाला लावतो. आम्ही राहतो ते व्हरमाँट, अमेरिकेच्या ईशान्येला, डोंगराळ आणि वर्षातले पाच महिने पांढरं. इथे मी दुधाच्या बाटल्या मागच्या रांगेतून काढते. डॉक्टरांनी गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरांना विचारते. शेजारीण केक घेऊन आली तर आधी मनात येतं, हिला काय पाहिजे असेल? माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांनी उगाच हसू नका. तुमच्याही मनात तेच येतं.

स्कीइंगवर तर माझा पहिल्या दिवसापासून संशय. पैसे देऊन डोंगरावर चढायचं आणि पडत पडत खाली यायचं, यात शहाणपण कुठलं? सई, माझी मुलगी, पाचव्या वर्षी स्कीवर उभी राहिली. तेव्हापासून बारा हिवाळे मी पायथ्याच्या लाकडी हॉलमध्ये सगळ्यांचे कोट, पिशव्या आणि सँडविचं सांभाळत बसले. काचेतून तिची लाल टोपी शोधायची, दिसली की चहा प्यायचा, हा माझा खेळ.

मागच्या हिवाळ्यात सई म्हणाली, ‘‘आई, ऑगस्टमध्ये मी कॅलिफोर्नियाला कॉलेजला जाणार. त्याआधी एकदा तरी माझ्याबरोबर वरून खाली ये ना. तू नेहमी काचेच्या मागेच असतेस.’’

तिने हे सहज म्हटलं. मला पोर एकच. ती जाणार, आणि तिच्या आठवणीत आई म्हणजे कोटांच्या ढिगामागचं एक डोकं. मी ठरवलं, हा हिवाळा जाऊ द्यायचा नाही. मुलांच्या उतारावर चार-पाच वर्षांच्या पोरांमध्ये मी पडायला शिकले, मग थांबायला शिकले, आणि डिसेंबर संपेपर्यंत वळायलाही लागले. मात्र भाड्याच्या स्कीज कडक बर्फावर वळताना निसटायच्या. सई म्हणाली, आता स्वतःच्या घ्यायला हव्यात.

इथला उतार म्हणजे सिनेमातला भुसभुशीत बर्फ नव्हे. दुपारी तो वितळतो आणि रात्री गोठतो. पहाटे मोठाली यंत्रं त्यावरून फिरून सऱ्या पाडल्यासारख्या बारीक रेघा काढतात. दिसायला देखणं, पण तासाभरात रेघा पुसल्या की खाली पाणी मारलेली शहाबादी फरशी. अशा बर्फाला वेगळी स्की लागते. बुटाखाली तिची कंबर अरुंद हवी, म्हणजे ती चटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते. आत धातूचा पातळ पत्रा हवा, म्हणजे थरथरत नाही. आणि कडांना धार हवी. हे सगळं मी तीन आठवडे वाचून काढलं. जे लिहितात त्यांना कोण पैसे देतं, तेही शोधलं.

दुकानात जोन नावाची साठीची बाई होती. तिने मला सरळ ‘विमेन्स’ लिहिलेल्या रांगेकडे नेलं आणि माझा संशय जागा झाला. बायकांसाठी म्हणून जे विकतात त्याचा मला अनुभव आहे. लेडीज सायकल, लेडीज घड्याळ, लेडीज छत्री. वस्तू लहान, नाजूक, रंगाने जांभळी, आणि मोडली तर ‘तुम्ही जोरात वापरली असेल.’ इथेही तेच दिसलं. बहुतेक स्कीज हलक्या, मऊ आणि फुलं काढलेल्या. जोनने त्यातूनच एक काढली. साधी करडी, अंगठ्याएवढं एक फूल. तिने कडेवरून नख ओढलं, नखाचा पांढरा भुगा पडला. ‘‘हिच्यात पत्रा आहे, कंबर अरुंद आहे, आणि तुझ्या वजनाला वाकेल अशी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘वाकली नाही तर वळणार नाही.’’

आता यात शंका घेण्यासारखं काय होतं? पण ही जोडी त्या रांगेत सगळ्यात स्वस्त होती. दुकानदार आपणहून स्वस्त वस्तू दाखवतो म्हणजे तो पडून राहिलेला माल असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी वळले आणि पुरुषांच्या रांगेतली काळी, लांब, जड जोडी उचलली. मधोमध दाबली तर तसूभर वाकली नाही. मला वाटलं, हा खरा माल.

जोनने विचारलं, ‘‘खात्री आहे?’’ या प्रश्नाने माझी खात्री आणखीच पक्की झाली.

मग तिने एक फॉर्म पुढे सरकवला. स्कीवर बूट धरून ठेवणारी एक पकड असते, बाइंडिंग म्हणतात तिला. माणूस पडला की तिने बूट सोडायचा असतो, नाहीतर स्कीबरोबर पायही पिळवटतो. ती किती घट्ट बसवायची हे ठरवायला त्यांना वजन, उंची आणि वय लागतं. वयापाशी मी थोडी अडखळले, कारण माझी जन्मतारीख आमच्या गुरुजींनी अर्ध्या वर्गाबरोबर एक जून लावून टाकलेली. शेवटचा प्रश्न होता: तुम्ही कशा स्की करता? जपून, बेताने, की वेगाने? मी पेन उचललं. खरं तर मी अजून वळताना ‘अगं आई गं’ म्हणत होते. पण नवखी आहे कळलं की गिऱ्हाईक कापलं जातं, हे माझ्या हाडात होतं. मी ‘वेगाने’वर खूण केली. वजनही थोडं वाढवून लिहिलं, त्या काळ्या जोडीला शोभेल असं. आयुष्यात वजन वाढवून सांगणारी मी बहुधा पहिलीच बाई. खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं होतं, तिथे झोकदार सही केली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सई आणि मी तारेवरच्या पाळण्यातून वर गेलो. तिने माझे हातमोजे स्वतः घट्ट केले, मी तिच्या लहानपणी करायचे तसे. पहिली दोन वळणं कशीबशी घेतली. मग रेघा पुसलेला पट्टा आला. मी वळायला गेले आणि ती काळी जोडी वळलीच नाही. सरळ निघाली. मी घाबरून मागे रेलले, एक कड अडकली आणि मी पडले. बूट निघायला हवा होता तो निघाला नाही. स्की एका दिशेला आणि गुडघा दुसऱ्या. मी मराठीत ओरडले एवढं आठवतं.

उतारावरच्या गस्तीवाल्यांनी मला घसरगाडीत बांधून खाली आणलं. सई शेजारून स्की करत येत होती आणि रडत होती. ‘‘सॉरी आई, मी उगाच तुला आणलं,’’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. गुडघ्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

गुडघ्याचं लिगामेंट ताणलं होतं, तुटलं नव्हतं. आठ आठवडे पट्टा बांधायचा. आणि माझं मन काय करत होतं? ते दुकानाकडे धावत होतं. बाईने पकड मुद्दाम चुकीची बसवली असणार. खराब माल गळ्यात मारला असणार. दहाव्या दिवशी मी विलासला गाडी काढायला लावली आणि कुबड्या घेऊन भांडायला गेले. जोनने सगळं ऐकून घेतलं. तिने ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढून समोर ठेवला. माझं अक्षर, माझी खूण, माझी झोकदार सही.

‘‘वैशाली,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘तू खरं कशी स्की करतेस?’’

त्या खोट्या वजनावर आणि वेगावरच तिने पकड इतकी घट्ट बसवली होती. ज्या गाड्यांमध्ये नाना हात खुपसायचे, तसली एक गाडी मीच भरून आणली होती. वर पांढरं, आत ओलं. दुसऱ्यांना तपासता तपासता मी स्वतः केव्हा भेसळ करायला लागले, मला कळलंच नव्हतं. लाज वाटली. विलास दुकानातले मोजे बघत उभा राहिला, त्याबद्दल त्याची मी आभारी आहे.

नानांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. ते विचारतात, ‘‘कशी शेस वं?’’ मी म्हणते, मजेत. मी विचारते, तुम्ही कसे? ते म्हणतात, ‘‘एकदम बरा शे.’’ बावीस वर्षं आम्ही हेच बोलतोय. दुकानातून आल्यावरच्या रविवारी पट्ट्यावर शाल टाकून मी बसले होते. इतक्यात सई मागून आली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘नाना, आई खोटं बोलते. तिचा गुडघा मोडता मोडता वाचला.’’ तिने शाल ओढली.

नाना फोनच्या इतके जवळ आले की नुसतं कपाळ दिसायला लागलं. कशी पडले, कुठे पडले, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी नेमकं विचारलं, ‘‘मंग ती पकड निंघनी कशी नही?’’ मी फॉर्मचं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

‘‘आयक,’’ ते म्हणाले. ‘‘मीबी तुले खोटंच सांगं. दिवाईले पडनू मी, मोरीमा. खुब्याचं ऑपरेशन व्हयनं, धुयाले. बठ्ठासले सांगं व्हतं, तुले कळू देवानं नही.’’

म्हणजे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग फोन हलला. माझ्या धाकट्या भावाने, संजयने, तो मागे धरला असावा. पहिल्यांदाच पूर्ण खोली दिसली. पलंग, पलंगाला टेकवलेला वॉकर, उशाशी औषधांची थैली. तीन महिने मी फक्त त्यांचा चेहरा आणि मागची भिंत बघत होते. दुधाच्या बाटलीची तारीख दोनदा वाचणारी मी, नाना दर रविवारी त्याच भिंतीसमोर का बसतात हे एकदाही विचारलं नाही. माझ्या सगळ्या संशयातून घर तेवढं सुटलं होतं. मी खूप रडले. नाना म्हणाले, ‘‘रडू नको, आते सांगं ना मी तुले.’’ सई माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसून राहिली.

मार्चच्या शेवटी, हंगाम संपता संपता, मी पुन्हा जोनकडे गेले. ‘जपून’वर खूण केली. वजन खरं लिहिलं, वयाची भानगडही समजावून सांगितली, ती खूप हसली. करडी जोडी, एक फूल, घेतली. डॉक्टर आणि विलास दोघांनीही फक्त सोप्या उताराची परवानगी दिली होती.

वर पोचल्यावर सईने विचारलं, ‘‘भीती वाटते?’’

छे, असं तोंडात आलं होतं. मी म्हटलं, ‘‘हो. फार.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग मी पुढे राहते, हळू जाते. तू फक्त माझ्याकडे बघ.’’ आणि आम्ही खाली आलो. करडी जोडी वाकली, आणि वाकली म्हणून वळली. काचेमागे त्या दिवशी कोणाचंही डोकं नव्हतं. सई पायथ्याशी पोचून दोन्ही हात वर करून ओरडत होती आणि मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ओरडतच राहिली.

माझं घर कुठलं, असं लोक विचारतात. पूर्वी मी अमळनेर म्हणायचे आणि इथल्यांना नकाशा दाखवायचे. आता वाटतं, ‘कशी आहेस’ म्हटल्यावर जिथे खरं सांगता येतं ते घर. अशी दोन घरं मला आहेत, आणि दोन्ही मला एकाच हिवाळ्यात, फार उशिरा मिळाली. यातलं एक ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाला निघालंय.

त्या उताराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, फोन लावला तेव्हा नाना तयारच होते. संजयने फोन धरला. नाना वॉकर घेऊन पलंगापासून ओट्यापर्यंत चालले, मध्ये एकदा भिंतीला धरून थांबले, दम घेतला, आणि मी बघतेय हे माहीत असूनही त्यांनी ते लपवलं नाही.