सासऱ्यांची दुसरी रीत

उत्तर सापडलं की हळहळणारा माणूस या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. उभा जन्म अणदुरात गणित शिकवलेल्या या गृहस्थांना एकाच रीतीनं सुटलेलं गणित म्हणजे अर्धपोटी जेवण वाटे. घरात फरशी बसवायची ठरली तेव्हा खोलीचं क्षेत्रफळ त्यांनी आधी टेपनं काढलं, मग फरश्या मांडून, मग तिरक्या भिंतीकडचा त्रिकोण वजा करून. तिन्ही उत्तरं जुळली तोवर गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला होता. "जाऊ द्या त्याला, पण जुळलं का न्हाय?" असं ते सासूबाईंना विजयी मुद्रेनं विचारत होते.

आम्ही नळदुर्गहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझी नोकरी, पगार काही विचारलं नाही. कागदावर चौरस काढला, बाजू दहा. वरच्या बाजूच्या मध्यापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढल्या. "मधल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सांगा."

पाया दहा, उंची दहा. मी म्हणालो, "पन्नास."

"बरोबर," ते खिन्नपणे म्हणाले. "आता दुसऱ्या रीतीनं."

मी कडेचे दोन त्रिकोण शंभरातून वजा केले. पुन्हा पन्नास.

"आता तिसरी."

माझे वडील कासावीस झाले. "आवो गुरुजी, पोरगं बँकेत हाय, त्ये तरी इचारा की!"

"विचारू की. बँक कुठं पळून जातीय?"

तिसरी रीत मला काही सुचेना. घाम पुसता पुसता हसूच फुटलं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला, कोनाड्यातल्या कात्रीनं कडेचे दोन्ही त्रिकोण कापले आणि पाठीला पाठ लावून मधल्या त्रिकोणावर ठेवले. तंतोतंत बसले. "निम्मं झालं, अण्णा. आता चहा तर पिऊ द्या त्यांना."

लग्न माझ्या हुशारीवर ठरलं, असा माझा बरीच वर्षं समज होता. बायकोनं एकदा तो दूर केला. "आधीचा एकजण कागद भिरकावून उठून गेला होता. अण्णा त्या दिवशी जेवले न्हाईत. तुम्ही हसलात, म्हणून मी हो म्हणाले."

हल्ली अण्णांना दिसत नाही. संध्याकाळी ती त्यांच्या तळहातावर बोटानं आकृती काढते, बाजू सांगते. उत्तर त्यांना लगेच आलेलं असतं. ते चेहऱ्यावर दिसतं. पण ते उत्तर सांगायचं सोडून मूठ अलगद मिटतात आणि तिचं बोट आत धरून ठेवतात. तीही घाई करत नाही.