मामांचा पाणकोळी

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या भाचेजावयाला माझी पूर्ण सहानुभूती आहे. मामा ड्रॉइंगमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून लाकडी ठोकळ्यांवर एकच पक्षी कोरत बसले. पाणकोळी. म्हणजे पेलिकन, आणि तोही आपल्या धरणावरचा नव्हे. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले कारागीर धर्मग्रंथांच्या पहिल्या पानावर ख्रिस्ताची खूण म्हणून छापायचे तो, भुकेल्या पिलांना स्वतःची छाती फोडून रक्त पाजणारा. त्या बापड्यांनी पाणकोळी जन्मात पाहिलेला नव्हता, त्यामुळे मान बदकाची आणि चोच गरुडाची. मी एकदा मोबाईलवर खरा दाखवला, चोचीखाली पिशवी लोंबणारा. मामांनी चष्मा वर करून पाहिला. "हा मासे खाणारा आहे. माझा पाजणारा आहे." संपला विषय.

नाताळचं कार्ड असो की कुणाच्या बारशाचं, पाणकोळीच. पिलंही कायम तीन. जागा कमी पडतेय, दोनच करा, असं सुचवलं तर म्हणत, "मग तिसऱ्यानं कुठं जायचं?" पटाशी घसरून घसरून अंगठ्याला बारमाही चिंधी, ती वेगळीच.

आमच्या मुलीचं लग्न ठरलं तोवर मामांच्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी पटाशी बंद करायला सांगितली. "नातीची पत्रिका तेवढी होऊ दे, मग ठेवतो," मामा म्हणाले. मी कपाळावर हात मारला. लग्नाच्या पत्रिकेवर रक्त! त्यात पहिला ठसा निघाला तो मुलीचं नाव आरशात वाचावं असा. ठोकळ्यावर अक्षरं उलटी कोरायची हे जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस नेमका इथं विसरला. महिनाभर खपून पुन्हा कोरलं, आणि रक्ताचा थेंब प्रत्येक पत्रिकेवर स्वतःच्या बोटानं लाल शाईत टेकवला.

शेवगावच्या माझ्या दोस्तानं पत्रिका कपाळाला लावली. "लई मान दिला राव. तुमच्यात लावत न्हाईत, तरी आमच्यासाठी हातानं कुंकू लावलं. अन् कोंबडी बी झ्याक हाय." पत्रिका थेट देव्हाऱ्यात गेली. मी मामांना हे मुद्दाम सांगितलं, म्हटलं आता तरी डोळे उघडतील.

"कुंकू चालेल," मामा म्हणाले. "पण कोंबडी?"

लग्न लागलं. चर्चबाहेर मामा खुर्चीत बसले होते. केक आला तेव्हा माझी बायको आणि तिचे दोघे भाऊ, कुणी न बोलावता, त्यांच्यापाशी येऊन वाकले. आई गेली तेव्हा ही तिघं लहान होती. मामांनी लग्न केलं नाही, यांनाच वाढवलं. चिंधी बांधलेल्या, थरथरत्या हातानं ते एकेकाला घास भरवत होते, आणि केस पिकलेली ती तिघं निमूट तोंड उघडत होती. हे सगळं मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पिलं मोजायचं तेवढं कधी सुचलं नव्हतं.

मामांनी पटाशी खरंच ठेवून दिली. तो शेवटचा ठोकळा हल्ली माझ्या टेबलावर असतो. येणारे-जाणारे उचलून पाहतात, आणि कुणी त्याला कोंबडी म्हटलं की मला भयंकर राग येतो.