फरहतच्या पुसलेल्या दोन ओळी

फरहतला मी वीस वर्षं ओळखते. बारामतीत कचेरीसमोर तिचं टायपिंगचं दुकान. आधी मशीनवर बडवायची, आता कॉम्प्युटरवर. अर्ज, प्रतिज्ञापत्र, मानपत्र, काय वाट्टेल ते. पण दुकानात बोललेलं बाहेर फुटलं असं कधी झालं नाही. तिच्या धंद्याची अब्रूच ती. खोड मात्र एक. नुसतं कौतुक टाईप करून बोटं जड होतात म्हणते. मग मध्येच खरं ते लिहिते, स्वतःशी हसते आणि छापायच्या आधी पुसून टाकते.

गुरुवारी पूजा उरकून मी तिच्याकडं गेले. आमचे काटेवाडीचे दत्तोबा तात्या दूध डेअरीतून निवृत्त होणार होते. चारला कार्यक्रम. भजनात माझा आवाज खडा, म्हणून मानपत्र वाचायचं माझ्याकडं. मजकूर सांगता सांगता माझी जीभ जरा सैल सुटली. देव क्षमा करो, उपवास होता.

टाईप झालं, फरहतनं पुसायचं ते पुसलं आणि लाइट गेली. बॅटरी दोनदा टीं टीं करून गप्प. पडदा काळा.

"अगं, सेव्ह केलंवतंस का?"

"न्हाय. पण घाबरू नका, वहिनी. हे दर दहा मिनिटांनी आपणहून एक नक्कल बाजूला ठिवतंय. लाइट आली की शेवटची नक्कल हातात देतंय."

मी तरीही जप सुरू केला. साडेतीनला लाइट आली आणि खरंच, पडद्याच्या डाव्या अंगाला आमचं मानपत्र, नावासकट, वेळेसकट! मी कॉम्प्युटरलाच हात जोडले.

"एकदा वाचून बघ गं."

"मघाशी पुसलंय की मी! चला, फ्रेमवाला थांबलाय."

फरहतही माझ्याबरोबर काटेवाडीला आली. स्टेजवर तात्या शाल पांघरून उभे. मी खड्या आवाजात सुरू केलं, "आपण अत्यंत मितभाषी आहात. सभेत एकदा उभे राहिलात की चहा आल्याशिवाय बसत नाही."

मांडव हसला. गंमत म्हणूनच लिहिलंय असं वाटून तात्याही हसले. मला मात्र कळलं, ही तर फरहतची पुसायची ओळ! पुढं होतं, "आपण एकतीस वर्षे रोज पहाटे साडेचारला डेअरीचे दार उघडले." आणि त्याखाली, "दार सारजाबाईंनी उघडलं. तात्या सहाला चहा पिऊन यायचे."

सारजाबाई म्हणजे तात्यांची बायको, आणि हे फरहतला सांगणारी मीच की! समोर पाहिलं तर ती तिसऱ्या रांगेत ओढणी तोंडात कोंबून नको नको म्हणून मान हलवत होती. मी ती ओळ गिळली आणि थेट उदंड आयुष्यावर गेले.

कार्यक्रमानंतर ती मांडवामागं बसली. "त्यानं नक्कल ठिवली तवा मी पुसलं नव्हतं, वहिनी. पुसलं अन् लगेच लाइट गेली. माझं पुसणंच तेवढं हरवलं. आता दुकान बसलं माझं. घरातलं बाहेर काढणारी म्हणतील."

फ्रेम तोवर हारांबरोबर तात्यांच्या घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फ्रेम काखेत घेऊन आम्ही दोघी तात्यांकडं. जुनी टीव्हीच्या वर, बरोबर मधोमध. खाली सारजा वहिनी हातोडी घेऊन उभ्या.

"ही बदलून न्यायची होती," फरहत पुटपुटली.

"ती हलायची न्हाय. खिळा मी ठोकलाय."

"सारजे, पाव्हणं वाचतील गं!" तात्या काकुळतीला आले.

"वाचू द्या की. एकतीस वर्षांत माझं नाव पहिल्यांदा लागलंय भिंतीवर." मग फरहतकडं वळल्या, "पण तुला गं कुणी सांगितलं हे?"

मी देव्हाऱ्यातल्या गणपतीकडं बघायला लागले. फरहतनं ओढणी नीट केली.

"दुकानात बोललेलं मी बाहेर सांगत न्हाय, सारजा वहिनी."

वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. पुढल्या महिन्यात आमच्या बचत गटाचं मानपत्र हाय, ते तुझ्याकडंच. फकस्त पुसायच्या आधी मला दाव." आणि तात्यांना म्हणाल्या, "आता उभं काय? चहा ठेवा."

चहा तात्यांनी केला. साखर फारच झाली होती. तिथं मी चांगला झालाय म्हटलं. खरं ते इथं माझ्या वहीत लिहिलंय, आणि हे काही मी पुसणार नाही.