तेल गेले कुठे? उदगीरच्या अप्पांविषयी

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका इंजिनाला राख फासत होते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालये, नवे रस्ते, जिकडे तिकडे खोदकाम. त्यामुळे आमच्या धंद्याला बरे दिवस आले होते. मी तेव्हा विशीतला, लोह्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करत होतो. कोणत्याही उस्तादाच्या हाताखाली मी राहिलेलो नाही. शेजारच्या मळ्यातले पाण्याचे इंजिन चार वेळा उघडून पाचव्या वेळी नीट जोडले, तिथे माझे शिक्षण झाले. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता आणि आजही आहे. उदगीरला एका ऑइल सीलच्या शोधात गेलो असताना लोक म्हणाले, “स्टेशनच्या रस्त्याला गुरुलिंगअप्पांकडं बघा.” बघितले, तर हे गृहस्थ रॉकेलने लख्ख धुतलेल्या इंजिनावर गोवरीची वस्त्रगाळ राख पुरचुंडीने हळूहळू थोपटत होते.

मी म्हणालो, “काय अप्पा, इंजिनाला विभूती लावून राहिले का? देव पावला का मग?”

त्यांच्या कपाळावर खरोखरच विभूतीचे पट्टे होते. दुसरा कोणी असता तर पाना फेकून मारला असता. अप्पा म्हणाले, “देवाचं ठाऊक न्हाई. तेल खोटं बोलत न्हाई. बसा, उत्तमराव का काय म्हणाला तुमी?”

मी नुसते ‘उत्तम’ सांगितले होते. त्या काळी मला ‘राव’ म्हणणारे कोणी नव्हते. लोक ‘ए उत्तम’ म्हणत, आणि आमच्या वस्तीकडे बोट दाखवून ‘तिकडचा’ म्हणत. अप्पांनी पहिल्या भेटीत लावलेला तो ‘राव’ त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. आजही आम्ही भेटलो की ते ‘शरणार्थ’ म्हणतात, मी ‘जयभीम’ म्हणतो, आणि लगेच तेलाच्या गोष्टी सुरू होतात.

त्या दिवशी इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांत राखेवर एक काळी रेघ उमटली. तेल खालून टपकत होते, पण रेघ निघाली होती वरून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगच्या मागल्या कोपऱ्यातून. मी असतो तर खालचे सील बदलले असते. अप्पांनी तेवढे एक पॅकिंग बदलले आणि गिऱ्हाइकाला सोडून दिले. परत येताना एसटीत मी त्या रेघेचाच विचार करत होतो. खरे लिहायचे तर, राग राग करत होतो. एवढी साधी युक्ती आपल्याला का सुचली नाही?

इथून माझ्या मनात अप्पांविषयी जे बसले त्याला हेवा हाच शब्द आहे. अप्पांच्या या गौरवअंकात तो शोभत नाही, हे मला कळते. पण आदर तर सगळेच लिहितील. मी हेव्याचे लिहितो, कारण त्याच्याइतके बारकाईने अप्पांकडे दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. त्यांच्या शेडमध्ये नट कधी जमिनीवर ठेवत नाहीत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोवतात. मी तसे करू लागलो. ते जुने पॅकिंग फेकण्याआधी उजेडात धरून पाहतात. मीही पाहू लागलो. राखेची युक्ती तर मी लोह्यात दुसऱ्याच महिन्यात सुरू केली आणि कोणी विचारले तर ‘आपली आपण काढली’ असे सांगितले. एकदा उदगीरच्याच एका ड्रायव्हरने ती बढाई अप्पांच्या कानावर घातली. अप्पा त्याला म्हणाले म्हणे, “मग बरोबर करून राहिले की. त्यांना सांग, राख आंब्याच्या लाकडाची नको, चिकट होती. गोवरीचीच घ्या म्हणावं.”

यावर माणसाने काय करावे?

आता दुष्काळाच्या उन्हाळ्याची हकिगत. ती आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. निदान तसे सगळ्यांना वाटते.

एका गावच्या तलावात पाण्याचा टिपूस राहिला नव्हता. तळाशी खोदलेल्या एका झिऱ्यावर सगळे गाव पाणी भरत होते, आणि झिरा रोज हातभर खाली चालला होता. सरपंच भुजंगरावांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कामावरून एक जुना बॅकहो ट्रॅक्टर आणला होता, पुढे बादली आणि मागे खोदायचा लांब हात असलेला. झिरा खोल करायचा आणि गाळ उचलायचा, असा बेत. पण मशीन अशी गळत होती की उभी राहील तिथे डबके होई. इंजिनही धूर ओकत होते. काम माझ्याकडे आले. हायड्रॉलिकचे, म्हणजे वेगळ्या टाकीतल्या तेलाच्या दाबावर हात हलवणाऱ्या यंत्रणेचे, ते माझे पहिले मोठे काम. जमले तर नाव होणार होते, आणि नाही जमले तर नाव जाऊन शिवाय गाव तहानलेले राहणार होते.

मी आठ दिवस तलावाच्या तळातच मुक्काम केला. इंजिनाच्या रिंगा बदलल्या, हेड पॅकिंग बदलले, मागच्या हाताच्या चारही जॅकचे सील नवे घातले, चिरलेल्या रबरी होज-नळ्या काढून टाकल्या. नवव्या दिवशी मशीनखाली पांढरे धोतर अंथरून दाखवले. एक थेंब पडला नाही. भुजंगराव खूष. मी इंजिनातली तेल मोजायची काडी काढून त्यांना दाखवली आणि म्हणालो, “बघा मालक, दोन दिवस चालवली, तेल एक सूत उतरलं न्हाई. माझ्या हातचं इंजिन तेल खात न्हाई.”

तेल उतरले नव्हते हे खरेच होते. ते खुणेच्या दोन बोटे वर होते. पण दुष्काळात माणसाला कमीचीच धास्ती असते. जास्त झालेले माझ्या डोळ्यांना दिसले नाही. उलट मी त्याची फुशारकी मारली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मागचा हात अर्ध्यात लटकला. पाहिले तर हायड्रॉलिकची टाकी रिकामी. भरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी. जमीन मात्र कोरडी ठणठणीत. मी सगळे जोड पुन्हा आवळले. बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर बसलेल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, “बाबा, तुही मशीन तेल प्यायली, आता आमी काय पेवाव?” भुजंगरावांनी मला न विचारता उदगीरला माणूस धाडला.

अप्पा सकाळच्या गाडीने आले. मला म्हणाले, “जोडणी झ्याक केली तुमी.” मग मशीन धुतली, राख लावली, चालवायला सांगितली. आम्ही सगळे तासभर राखेकडे बघत उभे. राख कोरडीच राहिली. एवढी रेघ नाही, ठिपका नाही. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी मोठ्यांदा म्हणालो, “बघा! माझ्या कामात गळती न्हाईच!”

अप्पा म्हणाले, “हाव. बाहेर कुठंच न्हाई.” आणि मला खुणेने बाजूला, त्यांच्या पिशवीपाशी बोलावले. पाना शोधल्यासारखे करत हलक्या आवाजात म्हणाले, “बाहेर न्हाई, तर मग कुठं? उत्तमराव, जरा काडी बघा. तुमीच बघा. मी बघितली न्हाई.”

मी काडी काढली, पुसली, पुन्हा घातली. तेल काडीच्या पार वरपर्यंत चढलेले, आणि पातळ. त्या मशीनचा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या पुढच्या गिअरवर बसवलेला होता. पंपाच्या दांड्याचे सील गेले होते, आणि टाकीतले सगळे तेल गुपचूप इंजिनात उतरत होते. मी ओरडलो, “सापडलं! आतल्या आत जातंय!”

मग जे झाले ते लिहायला मला पंचवीस वर्षे लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुजंगराव अप्पांना म्हणाले, “काय अप्पा, तुमी राखच फासत बसले, आमच्या उत्तमनं रोग धरला की! उदगीरचं नाव लई ऐकलं होतं.” सगळे हसले. अप्पाही हसले. मी गप्प राहिलो.

पंप उतरवला. मला वाटले, सील आता नांदेडहून आणावे लागणार, म्हणजे आणखी दोन दिवस. अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेले सील काढून माझ्या हातात दिले. त्याच मापाचे. मी कागद उलगडून सील उलटसुलट करून पाहिले. धाडलेल्या माणसाने मशीनचे नाव आणि ‘टाकी रिकामी, जमीन कोरडी’ एवढेच सांगितले असणार. अप्पांना ते उदगीरहून निघतानाच कळले होते.

इंजिनातले सगळे तेल बदलून दुसऱ्या दिवशी मशीन चालवली. चौथ्या दिवशी झिऱ्याला गार, गढूळ पाणी लागले. गावाने मला फेटा बांधला. माझ्या शेडवर ‘हायड्रॉलिक स्पेशालिस्ट’ अशी पाटी लागली ती त्या फेट्यामुळे. अप्पांनी कधी, कुठेही, कोणापाशी ब्र काढला नाही. उलट नांदेडकडचे गिऱ्हाईक आले की सांगत, “एवढ्या लांब कशाला आले? लोह्याला उत्तमराव हायेत की.” प्रत्येक वेळी मला गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद झाला, आणि ते कोणी पाठवले हे कळल्यावर तो उतरला. माणसाने चांगले तरी किती असावे, याला काही मर्यादा हवी.

हा लेख लिहायचे ठरल्यावर मी गेल्या महिन्यात मुद्दाम उदगीरला गेलो. विचारले, “अप्पा, सील खिशात घेऊन आले होते, तर मग तासभर राख कशाला लावली? मला शिकवायला?”

अप्पा चष्मा पुसत म्हणाले, “तुमाला कशाला शिकवू? माझाच अंदाज चुकला असता तर? तुमच्या जोडणीत गळती न्हाई हे आधी बघायला नको का? राख माझ्यासाठी होती, उत्तमराव.”

पंचवीस वर्षे मी समजत होतो की त्यांनी मला सांभाळून घेतले. ते स्वतःला तपासत होते. मी काडी पाहून फुशारकी मारली, आणि त्यांनी उत्तर खिशात असताना तासभर राखेकडे पाहिले. आमच्या दोघांत फरक आहे तो एवढाच, आणि तो माझ्याने आजवर भरून काढवला नाही.

अप्पांच्या गौरव-समारंभाला मी तो फेटा घेऊन येणार आहे. पेटीत जपून ठेवला आहे, रंग थोडा उतरला आहे. भुजंगराव आता थकले आहेत, पण त्यांना मी सगळे सांगितले आहे. ते येतील आणि स्वतःच्या हाताने तो अप्पांना बांधतील. अप्पांना तो माझ्यापेक्षा जास्त शोभेल, याचे मला आत्तापासूनच वाईट वाटते आहे.

अप्पांची बोटे अशीच जाणती राहोत, गुडघ्यांना बळ राहो, नजर स्वच्छ राहो. त्यांनी शंभरी गाठावी, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. त्यांनी बाजूला न बोलावता, काही न सुचवता, एक तरी गळती मला त्यांच्या आधी शोधून काढायची आहे. तोवर त्यांना कुठेही जायची परवानगी नाही.