चिमणीच्या चोचीतला च

मराठी ही सगळ्यात सोपी भाषा, असं मी छातीठोकपणे सांगायचे. लिहिलंय तसं वाचायचं, विषय संपला. इंग्रजीसारखं नाही, की 'नाइफ' लिहिताना पुढे के बसवायचा आणि वाचताना त्याला गप्प करायचं.

सणसवाडीला आमच्या भाड्याने द्यायच्या खोलीत ओडिशाची एक बाई राहायला आली. नवरा कंपनीत. हिला गल्लीतल्या बालवाडीत शिकवायचं होतं, अगदी मनापासून. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांना मराठीतून गोष्ट वाचून दाखवा, मग बघू. ती माझ्याकडे आली. "आंटी, शिकवा."

हिंदीमुळे अक्षरं तिला येत होती. इथं वर्षानुवर्षं राहिलेले बाहेरचे लोक 'केला' मागतात. हिने पहिल्याच दिवशी 'केळं' स्वच्छ म्हटलं. ओडियातही ळ आहे म्हणे. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग ते वाक्य आलं: 'चिमणीने चोचीत चारा घेतला.' तिने सगळे च चहातल्या चसारखे वाचले.

"चोच न्हाई गं, चोच," मी म्हटलं.

तिने पुस्तकात पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "आंटी, अक्षर तर एकच आहे."

मी 'चहा', 'चूल' असं दोनदा पुटपुटून पाहिलं. चहाचा च वेगळा, चुलीचा वेगळा, आणि जन्मभर बोलूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

"कुठे कुठला, कसं कळणार?"

"ऐकायचं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती ऐकत सुटली. भाजी निवडताना मला बोलतं ठेवायची आणि शब्द पुटपुटत राहायची. माझं गाव मांडवगण फराटा, बोलीही तिकडचीच, आणि तोंड सुरू झालं की थांबत नाही. तिच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटायचं.

वाचनाच्या दिवशी मी बालवाडीत मागे बसले. चिमणी, चोच, चारा, सगळे च जागच्या जागी पडले. गोष्ट संपल्यावर तिने मुलांना विचारलं, "आन् मग चिमणी कुठं गेली?" मुलं एकदम बोलायला लागली.

मोठ्या बाई हसल्या. "सोमवारपासून या. तुम्ही मांडवगणकडच्या का हो?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या मावशीचं गाव हाय ते."