आईच्या तोंडचा ‘कोर’

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला आले. सातवी पास होऊन तांड्याबाहेर शिकायला निघालेली मी पहिलीच मुलगी. वसतिगृहात बाकीच्या मुली कुणब्यांच्या, माळ्यांच्या, तेल्यांच्या. बंजारा मी एकटी. माझं नाव फक्त हजेरीत घेतलं जाई. एरवी मी ‘लमाणीन’. नळावर माझा नंबर असला तरी ‘थांबू दे लमाणनीला’ असं कोणीही सहज म्हणायचं. त्याची तक्रार करायची असते, हेही मला ठाऊक नव्हतं.

माझ्या खोलीत वणीकडच्या कुणब्यांची एक मुलगी होती. तिने मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. दुसऱ्या कोणी मारली तर भांडायची. आमची बंजाऱ्यांची गोरबोलीही ती हौसेने शिकत होती. संक्रांत येईपर्यंत तिला बोलता फारसं येत नसलं, तरी समजत बरंच होतं.

अशातच एका रविवारी आई दिग्रसच्या बसने मला भेटायला आली. अंगावर आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या. मैत्रिणीने स्वतःची खाट झटकून दिली, तांब्या पुढे केला. आईने पाणी घेतलं नाही. माझ्याकडे वळून ती आमच्या बोलीत म्हणाली, या कोरच्या पोरीच्या फार नादी लागू नको, यांची जातच गोड बोलून गळा कापणारी.

कोर म्हणजे जो आमच्यातला नाही तो. एरवी साधा शब्द. आईने तो थुंकल्यासारखा टाकला.

मैत्रिणीने तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिला समजलं, हे आईच्या गावीही नव्हतं. परतीच्या बसला अजून वेळ होता. आई एका खाटेवर, ती दुसरीवर, आणि मधल्या फरशीवर मी. आईला थांबवावं तर ती कारण विचारणार. हिची समजूत काढावी तर आईसमोर कशी काढू? आई तांड्यातल्या लग्नांचं सांगत राहिली. मी हो हो म्हणत होते आणि उठून जायची सोय नव्हती.

आई गेल्यावर मैत्रीण म्हणाली, “तुले कोनी लमाणीन म्हटलं तं मी भांडत होती. मी काय केलं होतं?”

मी तिला आजोबांचं सांगितलं. इंग्रजांच्या राज्यात त्यांना रोज ठाण्यावर हजेरी द्यावी लागे. चोरी केली म्हणून नव्हे, आमच्या जातीत जन्मले म्हणून. “‘लमाणीन’ या शब्दामागे पोलीस उभा होता, माझ्या आईच्या शब्दामागे नाही,” मी म्हटलं.

तिने तांब्या उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, “नसंल. पन मले लागलं ना.”

तिचं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं.

शेजारच्या खोलीतल्या मुलींनी हे ऐकलं आणि रेक्टरबाईंच्या कानावर घातलं. बाईंनी मला बोलावून घेतलं. कोण कोणाला शिव्या देतं ते सगळ्यांना कळलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या आणि वसतिगृहात मराठीखेरीज दुसरी बोली बंद केली. ‘लमाणीन’ मराठीतच होतं, त्याची काही अडचण नव्हती. मैत्रीण स्वतः जाऊन सांगून आली की ‘शब्द मला लागला, पण तक्रार माझी नाही.’ नियम तसाच राहिला. तिने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, गोरबोली शिकणं मात्र सोडलं.

होळीच्या आधी आई पुन्हा आली. मी तिला फाटकातच गाठलं आणि नियमामुळे मराठीत बोलू लागले. ती आधी हसली. मग तिने तिच्या बाजारच्या मराठीत विचारलं, “तुले माह्या बोलीची लाज वाटून राह्यली का?”

नाही म्हटलं. खरं कारण सांगितलं असतं, तर त्या पोरीला सगळं समजलं होतं हे तिला कळलं असतं, आणि ती पुन्हा यवतमाळला आलीच नसती. तिने फडक्यात बांधलेलं खाणं माझ्या हातात दिलं.

पुढचं वर्षभर ती यायची ती फाटकापर्यंतच. तब्येत, पाऊस, कापूस, एवढंच आम्ही बोलायचो, बाजारात ओळखीची माणसं भेटल्यावर बोलतात तसं, आणि बस यायच्या कितीतरी आधी ती जायला निघायची.