रिकामं पात्र दिसलं की वाढायचं

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त आधी एक शब्द द्या, की हे ऐकून कुणी ‘या माणसाची पीएच.डी. परत घ्या’ म्हणून विद्यापीठात अर्ज करणार नाही. कारण घोटाळा झाला तो नेमका माझ्याच विषयात. दुसऱ्या कुठल्या विषयात झाला असता तर निदान म्हणता आलं असतं, बुवा, हे काही आपलं क्षेत्र नव्हे!

विषय पाली. साताऱ्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर पाली शिकवली, भिक्षूंच्या नियमांवर प्रबंध लिहिला, आणि निवृत्त होऊन सांगलीत येऊन राहिलो. स्वभाव काळजीचा. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन कुलूप ओढून बघतो. मग गॅस बंद केला का, ते बघायला तेच कुलूप उघडतो. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याचं जेवणखाण द्यावं का? पण दिलं!

झालं असं. कुंडलजवळ आमचं गाव. तिथल्या आमच्या वस्तीत विहार आहे. त्या विहारात यंदा वर्षावास व्हावा, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एखाद्या भिक्षूनं तिथं राहून धम्म शिकवावा, असं सगळ्यांच्या मनात होतं. बरीच वर्षं योग आला नव्हता. यंदा आला. थायलंडचे एक तरुण भन्ते धम्मसेवेसाठी भारतात आले होते. चोविशी-पंचविशीतलं पोर, देशाबाहेर पहिल्यांदाच. त्यांनी आधी काही दिवस राहून बघायचं, असं ठरलं. मग त्यांचे थोरले भन्ते येणार, पोराची तब्येत बघणार, मन रमलं का विचारणार, आणि इथं ठेवायचं की दुसऱ्या गावी धाडायचं, ते सांगणार.

आमच्या आक्कानं तर मनातल्या मनात वर्षावास सुरूही केला होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी पीएच.डी. होऊन आलो तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बरं झालं मन्या, आता तरी जरा खात जा.” ती मला फोनवर म्हणाली, “तीन म्हैनं रोज विहारात बसून धम्म ऐकायचा, येवढी एकच आशा ऱ्हायलीय बघ माझी. भन्ते ऱ्हायलं पायजेत.”

पाठोपाठ विहार समितीच्या अध्यक्षांचा फोन. हे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. “प्रोफेसर, भन्त्यांना मराठी येत न्हाई, आमाला इंग्रजी येत न्हाई. तुमी मधी पायजे. ड्यूटी समजा.”

गेलो. आक्काकडेच मुक्काम ठोकला.

छोटे भन्ते (वस्तीनं त्यांना हेच नाव दिलं, खरं नाव लांबलचक पाली होतं आणि ते नीट उच्चारणारा मी एकटाच) तर फार गुणी निघाले. पहाटे उठून विहार झाडायचे. मग वंदना, मग ध्यान. दुपारी बाराच्या आत एकदाच जेवण, रोज एका घरी. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी, नाहीतर कोरा चहा. संध्याकाळी पोरांना पाली सुत्तं म्हणायला शिकवायचे आणि पोरांकडून मराठी शिकायचे. दुसऱ्या दिवशी तर रस्त्यात मला म्हणाले, “सर, बरं हाय का?”

बरं होतं कुठलं? मला काळजी लागली होती.

काळजी दोन बाजूंची. एक बाजू आमच्या लोकांची. आमच्याकडचा आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा ‘नको’ म्हणाला की ती लाज समजायची. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. जावई भाजून निघतात, पण वाढणारी बाई मागं हटत नाही. हे लोक भन्त्यांनाही असंच करतील! ‘घ्या की, घ्या की, आमची शपथ हाय’ म्हणतील! मग त्या संन्यस्त पोरानं काय करायचं?

दुसरी बाजू भन्त्यांची. भिक्षू काही मागत नाही. आणखी वाढा, हे वाढा, ते वाढा, असं त्यानं म्हणायचं नसतं. म्हणजे आग्रह बंद केला आणि कुणी वाढलंच नाही, तर पोर उपाशी राहील!

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. मी दोन्ही बाजूंना मार्गदर्शन केलं.

वस्तीला विहारात जमवून सांगितलं, “भन्त्यांना आग्रह करायचा नाही. ‘घ्या’ म्हणायचं नाही, ‘हवं का’ विचारायचंसुद्धा नाही. ते मागणार नाहीत. पात्र रिकामं दिसलं की मुकाट्यानं वाढायचं.”

“समजलं,” सुभेदार म्हणाले. “पात्र खाली दिसलं, की भरायचं. सवाल-जवाब न्हाई.”

मग भन्त्यांना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, “इथं पानात टाकलेलं घरच्या बाईला फार लागतं, तेव्हा काही उरवू नका. आणि नको म्हणू नका, पात्रावर हातही धरू नका. हात धरला की इथं दुप्पट वाढतात.”

भन्त्यांनी हात जोडले. सांगितलेलं ऐकायचं, हेच तर त्यांना लहानपणापासून शिकवलेलं.

तुमच्या लक्षात आलं ना? तुम्ही हसताय म्हणजे आलं. माझ्या मात्र आलं नाही. दोन्ही सूचना आपापल्या जागी मला बिनचूक वाटत होत्या. पण पात्र रिकामं झालं की वस्ती भरणार, आणि भरलं की भन्ते रिकामं करणार! उसाचा चरक तरी ऊस संपला की थांबतो. हा चरक फक्त बारा वाजल्यावर थांबायचा, कारण बारानंतर भिक्षू जेवत नाहीत.

या सूचनांनंतरचं पहिलं जेवण सुभेदारांच्या घरी. भाकरी, वांगं, आमटी, भात. भन्ते खाली मान घालून शांतपणे जेवत होते. पात्र रिकामं झालं, भाकरी आली. ती संपली, भात आला. सुभेदारांच्या मिसेस सैनिकासारख्या उभ्या. बाराचा ठोका पडला तेव्हा भन्त्यांनी डोळे मिटून जो श्वास सोडला, त्याला मी कृतज्ञता समजलो.

दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं, “छोटे भन्ते लय जेवत्यात!”

“त्यांच्या मुलखात मिळत नसंल वो पोटभर,” एकीनं तर्क लावला.

“बारीक अंगाचं हाय, पण कसं साफ करतंय बघा!”

झालं! घराघरांत चढाओढ सुरू झाली. कुणी पुरणपोळ्या केल्या, कुणी खपली गव्हाची खीर. बाराच्या आत पोट भरायला वेळ पुरत नाही, म्हणून जेवण अलीकडं आणलं. मग आणखी अलीकडं. शेवटी शेवटी पोरांच्या नाश्त्याच्या वेळेला भन्त्यांचं पात्र मांडलेलं असायचं.

जेवण झालं की भन्ते विहाराभोवती चालायचे. हळूहळू, एका हातानं अंगावरचं चीवर सावरत, नजर जमिनीकडे. ऊन असो, वारा असो, चालतच राहायचे. मला भरून आलं. मी लोकांना बोलावलं आणि दाखवलं, “बघा, याला म्हणतात चंक्रमण! चालता चालता करायचं ध्यान. प्रत्येक पावलावर लक्ष.” थोड्या वेळानं भन्ते उजव्या कुशीवर आडवे झाले. मी म्हणालो, “आणि ही सिंहशय्या! ग्रंथात वाचली होती, आज बघितली.”

लोक पायातल्या चपला काढून बघायला लागले.

आक्का तेवढी म्हणाली, “मन्या, आपली म्हस ओला हरभरा खाऊन अशीच फिरत हुती रं.”

“आक्का, भलत्याशी तुलना करू नकोस,” मी म्हणालो.

“बरं बाबा, तू शिकलेला.” आणि सुभेदारांकडे वळून म्हणाली, “येवढं चालल्यावर भूक लागणारच की वो पोराला. उद्याच्या घराला सांगून ठेवा, भाकरी जरा जास्त टाका म्हणावं.”

थोरले भन्ते यायच्या आदल्या दिवशी छोटे भन्ते माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. घाबरत घाबरत म्हणाले, “सर, एक विचारू? या भागात एखादं गरीब गाव आहे का? मला तिकडं पाठवता येईल?”

म्हणजे पोर जाणार! आक्काचा वर्षावास गेला! त्यातही मनात विचार आला तो असा: अहाहा, काय हे वैराग्य! आपल्या उसाच्या पट्ट्यातलं सुख या पोराला टोचतंय. जतकडं, आटपाडीकडं, दुष्काळी मुलखात जाऊन सेवा करावीशी वाटतेय.

तसाच आक्काकडे धावलो. “आक्का, भन्त्यांना गोडधोड सोसत नाही. त्यांना साधेपणा हवाय. उद्या तुझ्याकडे जेवण आहे ना? अगदी साधं कर. झुणका, भाकरी, ठेचा. नाहीतर ते राहत नाहीत.”

आक्का मटकन खाली बसली. “आवं बया! पोरगं नाराज झालं व्हय? आधी सांगायचं न्हाईस का? करते की झुणका-भाकरी.” डोळ्याला पदर लावला. मग जरा विचार करून म्हणाली, “पर साधंच करायचं तर मग पोटभर तरी झालं पायजे. दुरडीभर भाकरी थापते.”

दुसऱ्या दिवशी थोरले भन्ते आले. साठीचे असतील, भारतात कित्येक वर्षं काढलेली, हिंदीमिश्रित मराठी बोलणारे. आक्काच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, दोघं भन्ते शेजारी बसले. समोर सुभेदार, मी, आणि दारात, खिडकीत उरलेली वस्ती. चुलीवरून गरम भाकरी थेट पात्रात येत होती. छोटे भन्ते संपवत होते, आक्का टाकत होती. छोट्या भन्त्यांच्या कपाळावर घाम. ठेच्याचा असेल, मी म्हटलं.

थोरल्या भन्त्यांचं पात्र रिकामं झालं. आक्का भाकरी घेऊन वाकली. त्यांनी शांतपणे पात्रावर हात आडवा धरला आणि हसून म्हणाले, “बस, माई. पोट भरलं. साधू, साधू.”

आणि आक्का थांबली! भाकरी परत दुरडीत ठेवून तिनं हात जोडले. भन्त्यांच्या हातावर गरम भाकरी टाकायची कुणाची छाती आहे? एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

छोटे भन्ते त्या हाताकडे बघत राहिले. एसटीत गर्दीत लोंबकळत आलेल्या माणसाला शेजारची सीट पहिल्यापासून रिकामी होती हे कळावं, तसा त्यांचा चेहरा. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत अगदी हळू म्हणाले, “सर, हे चालतं?”

“म्हणजे… थोरल्यांचं वय…” मी चाचरलो.

थोरल्या भन्त्यांनी ऐकलं. “नहीं चालत, असं कुणी सांगितलं?”

छोट्या भन्त्यांनी मान खाली घातली. “इथली रीत आहे. प्रोफेसरांनी समजावली.”

आमचं इंग्रजी आक्काला कळत नव्हतं, पण प्रकरण कळलं. “काय झालं? आमचं काय चुकलं का भन्ते? आमाला मन्यानंच सांगितलं हुतं, इचारायचं न्हाई, पात्र रिकामं दिसलं की वाढायचं. आमी रोज वाढत हुतो.”

“आदेशच होता,” सुभेदार छाती काढून म्हणाले.

थोरल्या भन्त्यांनी एकदा आक्काकडे बघितलं, एकदा छोट्या भन्त्यांच्या पोटाकडे आणि मग सावकाश माझ्याकडे. “प्रोफेसर, आप ने पीएच.डी. किस में की है?”

मी विषय सांगितला. काय करणार?

सोप्यात आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग खिडकी हसली, मग दार. सुभेदार फौजी माणूस, पण त्यांनाही भिंतीला टेकावं लागलं. “म्हंजी प्रोफेसर, ते चंक्रमण…”

“पचायचं चालणं हुतं वो ते!” आक्का म्हणाली. “मी म्हस म्हणाले तवा माझ्यावर डाफरला.”

हसू ओसरलं तशी आक्का गंभीर झाली. थोरल्या भन्त्यांसमोर हात जोडून उभी राहिली. “भन्ते, आमी काय मुद्दाम केलं न्हाई. पोराला आमी जीव लावलाय. आता ऱ्हात्यात का जात्यात, येवढं सांगा.”

थोरले भन्ते छोट्या भन्त्यांशी त्यांच्या भाषेत बोलले. पुष्कळ वेळ बोलले. आक्काच्या हाताची बोटं पदराशी चाळा करत होती आणि माझी तर काय, अवस्था विचारू नका. या म्हाताऱ्या बहिणीनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नाही, आणि जी एक गोष्ट तिला हवी होती ती मी भाकऱ्या घालून घालून पळवून लावली!

शेवटी थोरले भन्ते म्हणाले, “माई, हा राहतो म्हणतो. तीन महिने. लोग बहुत अच्छे हैं म्हणतो. पण एक अट आहे.”

“कसली बी असू द्या!” आक्का म्हणाली.

“प्रोफेसर जे काही समजावतील, ते तो आधी तुम्हाला विचारणार. मगच मानणार.”

“आत्ता गं बया!” आक्का मोकळेपणानं हसली. “त्यात अट कसली? तो बोलाय लागल्यापास्नं आमी समदी तसंच करतूय की!”

छोटे भन्ते उत्सुकतेनं माझ्याकडं बघायला लागले. माई काय म्हणाल्या, ते त्यांना माझ्याकडूनच हवं होतं. ड्यूटी ती ड्यूटी. मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला.

त्यांनी मान डोलावली, मग आक्काकडे वळून विचारलं, “खरं हाय का?”

“व्हय,” आक्का म्हणाली, “ह्यो बरोबर सांगतोय.”